चौथी जोडी

कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतल्या ज्या कारागिराकडं मी चपला शिवून घेते, त्याच्या वहीत माझ्या दोन्ही पावलांची पेन्सिलीनं काढलेली आकृती आहे. पहिल्यांदा गेले तेव्हाच त्यानं सांगितलं होतं, "वैनी, डाव्या पायाचा चवडा रुंद हाय तुमचा. आन् पाय मोजायचा तर सांजच्याला मोजावा, सकाळी न्हाई." पाय दिवसभरात थोडा फुगतो, हे त्याला ठाऊक. स्कूबाच्या फिन्स, म्हणजे पाण्याखाली पोहताना पायांत घालायची रुंद पाती, घेताना मला ते आठवलं असतं तर तीन वर्षं, सुमारे १३ हजार रुपये आणि एका गुडघ्याची कुरकुर वाचली असती. पण कोल्हापुरी चप्पल आणि समुद्राचा तळ यांचं काही नातं असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

पोहणं मला लहानपणापासून येतं. पंचगंगेच्या घाटावर पाठीला पत्र्याचा डबा बांधून मामानं पाण्यात ढकललं, तिथून सुरुवात. त्या पोहण्यात पाय म्हणजे नुसते बडवायचे. जितका आवाज मोठा तितका पोहणारा पट्टीचा, अशी आमची समजूत. ही सवय पुढं चांगलीच महागात पडली.

डिसेंबर २०१८मध्ये मालवणला पहिल्यांदा पाण्याखाली गेले. पर्यटक करतात तो पंधरा-वीस मिनिटांचा प्रकार. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला बोट उभी, अंगात आधीच्या माणसानं ओला केलेला सूट, तोंडात सिलिंडरमधली हवा देणारा रेग्युलेटर, आणि मागून एका पोरानं सिलिंडर धरलेला. त्यानं मला बाजारातल्या हातगाडीसारखं इकडून तिकडं फिरवलं, हातात पावाचा तुकडा दिला, मासे आले, फोटो निघाला. (माशांना पाव चारू नये, हे नंतर शिकले.) वर आल्यावर मी सगळ्यांना सांगत सुटले, मी डायव्हिंग केलं. पुढं कधीतरी तो फोटो नीट बघितला तेव्हा लक्षात आलं, माझे पाय अनवाणी आहेत. मला फिन्स दिल्याच नव्हत्या. गरजच काय होती? मी कुठं स्वतःहून जात होते?

खरा कोर्स केला जानेवारी २०२०मध्ये, तारकर्लीत. आधी २०० मीटर सलग पोहून दाखवायचं, मग दहा मिनिटं तरंगायचं. यात पंचगंगा कामाला आली. मग मांडणीवरच्या फिन्समधून आपल्या मापाची जोडी उचलायला सांगितलं. टाचा मार्करनं लिहिलेल्या, अर्धी अक्षरं पुसलेली. मी नंबर बघितला, पाय घातला, बसतोय म्हटल्यावर निघाले. चपलेचा नवा जोड घेताना अर्धा तास घालवणारी मी. इथं अर्धा मिनिटसुद्धा दिला नाही.

तलावात दोन चकरा झाल्या आणि इन्स्ट्रक्टरनं मला थांबवलं. मालवणचाच पोरगा, वयानं माझ्या निम्मा.

"ताई, तुमी पाण्यात सायकल चालवतास काय?"

मी म्हटलं, फिन्सच वेडीवाकडी जातायत. तो हसला. "फिन्समदी कायेक दोष नाय. मांडी हलवा, गुडघो नको."

हे वाक्य मला पुढची दोन वर्षं कळलं नाही. ऐकलं, मान डोलावली, पण कळलं नाही. गुडघा पोटाशी घेऊन पाय मारला की फिनचं पातं सुरीसारखं कडेनं पाणी कापत जातं, पाणी मागं लोटलं जातच नाही. पाय कमरेपासून, गुडघा अगदी थोडा सैल ठेवून हलवला की पातं वाकतं, सुटतं, आणि ते सुटताना माणूस पुढं सरकतो. पात्याचं सगळं काम त्या वाकण्यात आणि सरळ होण्यात आहे. आणि वाकायला समोरून जोर मिळायला हवा. सायकलवाल्या पायाला तो मिळत नाही. मग माणूस जास्त जोरात पाय मारतो, धाप लागते, पोटऱ्यांत गोळा येतो आणि दोष फिन्सवर जातो.

माझ्या पोटरीत गोळा आला दुसऱ्याच समुद्री डाइव्हला. जेमतेम आठ मीटर खोलीवर. इन्स्ट्रक्टरनं माझा पाय सरळ केला, फिनचं टोक हातात धरून माझ्याकडं खेचलं, अर्ध्या मिनिटात गोळा उतरला. हा उपाय प्रत्येकाला यायला हवा, आपल्या आपल्यालाही करता येतो. मी मात्र वर येऊन जाहीर केलं की भाड्याच्या फिन्स फालतू आहेत, मी माझ्या स्वतःच्या घेणार. कोर्स झाला, १८ मीटरपर्यंत जायचा परवाना हातात आला, आणि मार्चमध्ये टाळेबंदी लागली.

टाळेबंदीत लोकांनी केक केले. मी फिन्स बघितल्या, रोज रात्री, मोबाइलवर.

मला आवडायच्या त्या लांब, सडपातळ पात्यांच्या. फोटोतली बाई एका श्वासात खोल जातेय आणि मागं ती पाती कशी वळतायत, मासोळीच्या शेपटीसारखी! ती फ्रीडायव्हर आहे, तिच्या पाठीवर सिलिंडर नाही, अंगात बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) नाही, ती सरळ खाली जाऊन सरळ वर येणार, तिला खडकाच्या कपारीशी वळायचं नाही, हे सगळं मला दिसत होतं पण त्याचा अर्थ लागत नव्हता. तेवढ्या लांब नाही, पण त्याच धाटणीच्या, टाच बंद असलेल्या एका जोडीची मी ऑर्डर दिली. नंबर ३७-३८. माझा पाय ३७चा. बरोबरच की.

पार्सल सकाळी आलं. सकाळीच घालून बघितल्या. बसल्या, थोड्या घट्ट. आई व्हरांड्यातून म्हणाली, "म्हातारपणी बदकाचे पाय लावून कुठं निघालीस गं?" घट्टपणाचं मी मनावर घेतलं नाही, कारण आमच्याकडं नवी चप्पल चावतेच. तेल लावायचं, आठवडाभर घालायची, कातडं पायाला बसतं. मी फिन्सच्या आतून गोडेतेल चोळलं. चांगलं भरपूर.

कातडं पायाला बसतं. रबर बसत नाही. ते पायावर बसतं. त्यात तेलानं रबर नरम पडून चिकट झालं, आतून धूळ धरायला लागलं. वर ती लांबलचक जोडी कपाटात मावेना, म्हणून मी माळ्याखाली भिंतीला टेकवून टोकांवर उभी केली. सव्वा वर्ष. एक उन्हाळा पत्र्याच्या खोलीत. काढल्या तेव्हा दोन्ही पाती बोटीच्या नाळेसारखी वर वळलेली. फिन्स आडव्या, सपाट ठेवायच्या असतात, आणि नव्या जोडीत टाचेशी जो प्लास्टिकचा साचा येतो तो फेकायचा नसतो. मी तो पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकला होता.

तरीही नोव्हेंबर २०२१मध्ये त्या मालवणला नेल्या. बंद टाचेची फिन ही अनवाणी पायात घालायची, पावलाभोवती बुटासारखी बसते. गरम पाण्यात, बोटीवरून उडी मारायची असेल तर हे छान आहे. हलकी, पाण्याला अडथळा कमी, आणि वेगळे बूट घ्यायला नकोत. पण मग अनवाणी चालावं लागतं. तापलेल्या डेकवर. शेवाळल्या शिडीवर. आणि माझ्या डाव्या चवड्याला, त्या वहीत लिहिलेल्या रुंद चवड्याला, वीस मिनिटांत आग लागली. पाय आखडून धरायची सवय लागली की पोटरी आखडते, पोटरी आखडली की गोळा. म्हणजे फिन ढिली असली तरी गोळा येतो (ती सुटू नये म्हणून आपण बोटं आत वळवून धरतो) आणि घट्ट असली तरी येतो. हे कुणी पुस्तकात लिहिलं असेल तर मी ते पान उलटलं असणार.

त्याच डाइव्हला आणखी एक गोष्ट झाली. तळ रेतीमिश्रित गाळाचा. मी पुढं, मागं आणखी तिघं. बाहेर आल्यावर एकजण शांतपणे म्हणाला, "मला आज फक्त तुमचा गाळ दिसला." मालवणचं पाणी तसंही अंदमानसारखं काचेचं नसतं. चांगल्या दिवशी बरंच दिसतं, वाईट दिवशी आपलाच हात धुकट. त्यात वर-खाली पाय मारले की तळाचा गाळ उडणार. इन्स्ट्रक्टरनं तेव्हा फ्रॉग किक दाखवली. बेडूक मारतो तशी, पाय बाजूला उघडून तळवे एकमेकांकडं आणायचे आणि मग सरकू द्यायचं. पाणी मागं जातं, खाली जात नाही. लांब पात्यांनी मी ती करून बघितली आणि उजव्या पात्यानं डावं पातं हाणलं.

मग दुसरी जोडी. ही सल्ल्यानं घेतली, आणि सल्ला देणारे सगळे पुरुष होते, सहा फुटांच्या आसपासचे. ते म्हणाले, फ्रॉग किक मारायची ना? मग काळ्या रबराच्या, आखूड, रुंद, जड फिन्स घ्या. दुसरं काही बघूच नका. सल्ला चुकीचा नव्हता. जेट फिन या नावानं हा प्रकार १९६०च्या दशकात आला आणि आजही जवळजवळ त्याच आकारात विकला जातो. एवढी वर्षं टिकलेली वस्तू वाईट नसते. पात्याला आरपार भोकं असतात, त्यातून पाणी निसटतं म्हणून पाय परत आणताना ओढ कमी लागते. रबर एकसंध, तुटायला काही नाही. गुहेत जाणारे, बुडालेल्या जहाजांत शिरणारे, थंड पाण्यात जाड कोरडा सूट घालणारे लोक याच वापरतात.

थंड पाण्यात, कोरडा सूट. हे शब्द मी ऐकले आणि सोडून दिले. कोरड्या सूटमध्ये हवा असते, ती पायांत गेली की पाय वर तरंगतात; तिथं जड फिन्स पाय खाली धरून ठेवतात. माझ्या अंगात तीन मिलिमीटरचा अर्धा सूट, मांड्या उघड्या. माझे पाय तरंगत नव्हतेच. घरच्या काट्यावर टाकली तेव्हा ती जोडी अडीच किलोच्या वर भरली. पाण्यात सगळंच हलकं होतं म्हणतात, पण हे रबर पाण्यातही बुडतं. परिणाम असा की मी कितीही आडवी व्हायचा प्रयत्न केला तरी पाय खाली, डोकं वर, रांगणाऱ्या मुलासारखी तिरकी. तिरक्या अंगाला पाण्याचा अडथळा जास्त. आणि तिरकं असताना पाय मारला की माणूस पुढं कमी आणि वर जास्त जातो. मग वर जाऊ नये म्हणून बीसीडीतली हवा काढायची, मग बुडायला लागतो म्हणून पुन्हा पाय मारायचे. असं हे गुऱ्हाळ चाळीस मिनिटं चाललं.

शिवाय पातं कडक. कडक पातं वाकवायला मांडी लागते, आणि मांडी कमी पडली की तो भार गुडघ्यावर येतो. तिसऱ्या दिवशी उजवा गुडघा जिना उतरताना बोलायला लागला. मी बँकेत दिवसभर खुर्चीवर बसणारी बाई. माझ्या मांडीत किती जोर आहे, हे मला आधी ठाऊक असायला हवं होतं. ते सहा फुटी लोक ज्या पात्याला हसत हसत वाकवायचे, ते माझ्यासाठी दाराच्या फळीसारखं होतं.

एक चांगलं मात्र त्या जोडीनं झालं. टाच उघडी, आत बूट घालायचा, मागं पट्टा. बूट घातला की खडकावरून, शिडीवरून, कुठूनही चालता येतं. आणि पट्ट्याची गंमत मला आधीच एकदा कळली होती. मालवणच्या बोटीवर भाड्याच्या फिनचा रबरी पट्टा ओढताना माझ्या हातात तुटून आला, मी पाय वर धरून बसलेली, बाकी सगळे पाण्यात. बोटीवरच्या पोरानं जाळ्याची नायलॉन दोरी काढली आणि दोन गाठींत फिन पायाला बांधून टाकली. डाइव्ह झाली, पण पायावर दोरीचा वळ आठवडाभर होता. नव्या जोडीला मी स्टेनलेस स्टीलच्या स्प्रिंगचा पट्टा बसवून घेतला. बोट हलत असताना एका हातानं ओढून टाचेवर सोडला की झालं. घट्ट-सैल करायची भानगड नाही, आणि खोलीवर गेल्यावर बूट दाबला गेला तरी स्प्रिंग आपोआप आवळते. फिन्सवर खर्चलेल्या एकूण पैशांत हेच पैसे मला कधी खुपले नाहीत.

तिसरी जोडी माझी नव्हतीच. फेब्रुवारी २०२३मध्ये कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला गेलो होतो. मुरुडेश्वरहून बोट निघते, तासाभराहून थोडं जास्त लागतं, आणि कोकणातल्या गढूळ पाण्याची सवय असलेल्या माणसाला तिथं एकदम चष्मा लावल्यासारखं दिसायला लागतं. गुडघ्याला घाबरून मी जड जोडी घरी ठेवली होती. बोटीवरच्या एका बाईंनी आपली जादा जोडी दिली, मधोमध चिरलेल्या पात्याची. स्प्लिट फिन. पहिल्यांदा पाय मारला तर काही लागलंच नाही! वाटलं पातं मोडलंय. खाली बघितलं तर मी चांगली सरकत होते. छोटे छोटे, भरभर पाय मारायचे, मांडीला भार जवळजवळ नाही. त्या बाई साठीच्या, दोन्ही गुडघ्यांची तक्रार असलेल्या, आणि त्या फिन्सवर त्या माझ्या पुढं निघून गेल्या. गुडघे दुखणाऱ्यानं या प्रकाराला नावं ठेवण्याआधी एकदा घालून बघावं, असं माझं मत आहे.

पण मी आता बेडूक झाले होते. फ्रॉग किक मारली की चिरलेलं पातं दोन्हीकडं लुळं पडायचं. खडकाशी थांबायचं, जागच्या जागी वळायचं, एका समुद्री सापाला वाट द्यायला थोडं मागं सरकायचं, यातलं काही जमेना. साप आपला शहाणा, तोच वळला.

त्या रात्री मुरुडेश्वरच्या लॉजवर मी वहीत एक वाक्य लिहिलं: फिन्स बदलून झाल्या, आता पाय बघ. मग वर्षभर फिन्स घेतल्याच नाहीत. भाड्याच्या वापरल्या आणि बाकीच्या गोष्टी सुधारल्या. पाण्याखाली राहता यावं म्हणून कमरेला मी सहा किलो शिसं बांधत होते, कारण कोर्सला तेवढं बांधलं होतं. कुणी पुन्हा मोजायला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. भरलेल्या सिलिंडरमध्ये अडीच किलोच्या आसपास हवाच असते आणि ती आपण श्वासाबरोबर सोडून देतो, म्हणून डाइव्हच्या शेवटी, सिलिंडर रिकामा होत आल्यावर, वजन बरोबर आहे का ते बघायचं. तसं बघितलं. सहाचे साडेचार झाले, नंतर चार. सिलिंडर पाठीवर चार बोटं वर सरकवला. पाय आपोआप उचलले गेले. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली, की जड जोडीला मी जेवढी नावं ठेवली त्यातली निम्मी माझ्या कमरेच्या पट्ट्याला ठेवायला हवी होती. निम्मीच. गुडघा काही पट्ट्यामुळं दुखला नव्हता.

जानेवारी २०२४मध्ये अंदमानला गेले, हॅवलॉकला; सरकारी नाव स्वराज द्वीप. आठ डाइव्ह ठरलेल्या. तिथल्या डाइव्ह सेंटरवर सांगितलं, मला या खेपेला फिन्स विकत घ्यायच्या आहेत, पण आधी रोज वेगळी जोडी घालून बघू द्या. त्यांना यात काहीच वावगं वाटलं नाही. "बरं, मांडणीवरून घ्या," एवढंच म्हणाले. चार वर्षांत मला हे एक वाक्य विचारायचं सुचलं नव्हतं.

नेमो रीफला किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात उतरतात. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, एका हातानं सोबत्याचा खांदा धरून, एका पायावर फिन चढवायची. इथं उघडी टाच आणि बूट याबद्दल उरलीसुरली शंका गेली. खालचे मेलेल्या पोवळ्याचे तुकडे अनवाणी पायाला सोलून काढतील. दोन दिवस, तीच जागा, साधारण तीच खोली, सरासरी १२ मीटर, तोच सोबती. पहिल्या दिवशी मुद्दाम त्यांच्याकडची काळी जड जोडी घेतली: चाळीस मिनिटांत सिलिंडरमधल्या हवेचा दाब २०० बारवरून ९०वर आला. दुसऱ्या दिवशी मध्यम पात्याची, मध्ये मऊ रबराचे पन्हाळे आणि कडेला कडक कणा असलेली प्लास्टिक-रबर मिश्रणाची जोडी: तेवढ्याच वेळात ११०वर. वीस बार म्हणजे ११ लिटरच्या सिलिंडरमधली दोनशे वीस लिटर हवा. दुसऱ्या दिवशी पाण्याचा करंट (प्रवाह) कमी होता, मी जास्त निवांत होते, हे सगळं खरं. पण पाण्यातला अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट केला की अडथळा चौपट. म्हणजे घाई करणारा पाय हवा खातो, आणि जी फिन घाई करायला लावत नाही ती हवा वाचवते. मला त्या दुसऱ्या जोडीत घाई करावीशी वाटली नाही, हे मी आकड्यांशिवायही सांगितलं असतं.

तिसऱ्या दिवशी तीच जोडी डिक्सन्स पिनॅकलला घातली. तिथं खोल पाणी, करंट जाणवण्यासारखा, खडकाच्या आडोशाला जाईपर्यंत पाच मिनिटं खरोखर पाय मारावे लागले. फ्लटर किकला, म्हणजे साध्या वर-खाली पाय मारण्याला, पातं पुरेसं वाकत होतं, फ्रॉग किकला पुरेसं ताठ राहत होतं. दोन्हीत सर्वोत्तम नाही. दोन्हीत चालण्यासारखी. माझ्यासारख्या वर्षाला बारा-पंधरा डाइव्ह करणाऱ्या, कधी मालवणच्या गाळात तर कधी अंदमानच्या करंटमध्ये जाणाऱ्या माणसाला तेच हवं असतं.

मग संध्याकाळी मापाला बसले. मुद्दाम संध्याकाळी. बूट पाण्यात भिजवून घेतले, कारण बुटाचं कापड, निओप्रीन, कोरडं असलं की फिनच्या रबराला धरतं आणि पाय आत गेला की नाही ते कळत नाही. उभं राहून नाही, खुर्चीवर बसून, पाय हवेत. पाय घातला तो फिनच्या खिशाच्या, म्हणजे पाय बसतो त्या भागाच्या, टोकापर्यंत. बोटं हलतात का? हलली. पावलाच्या वरच्या बाजूला, कमानीवर, कुठं कडा रुततेय का? मीडियममध्ये नाही, स्मॉलमध्ये डावीकडं रुतली. पाय जोरात झटकला. मीडियम उजव्या पायात किंचित डुलली. म्हणजे उजव्याला स्मॉल, डाव्याला मीडियम! जोडी फोडून देणार कोण? इथं चप्पल लाइनीतला नियम लावला: मोठ्या पायाचं माप घ्यायचं, लहान पायाला आत काहीतरी द्यायचं. मीडियम घेतली आणि उजव्या बुटात एक पातळ निओप्रीनचा मोजा. झटकून बघितलं, डुलणं थांबलं.

रंगाचा विषय निघाला. मला काळ्या हव्या होत्या. डाइव्ह मास्टर म्हणाला, "मॅडम, पिवळ्या घ्या. गढूळ पाण्यात मागच्या माणसाला तुमचं तोंड दिसत नाही, फिन्सच दिसतात." पिवळ्या घेतल्या. स्प्रिंगचे पट्टे जुन्या जोडीचे याच मापाला बसतील का, हे विचारलं तर बसले. साडेनऊ हजारात काम झालं. परतीच्या विमानाला १५ किलोची मर्यादा. ही जोडी बॅगेत तिरकी मावली, वजन पावणेदोन किलो. जुनी जड जोडी एका उंच, दणकट पायांच्या भाच्याला दिली, तो तिच्यावर खूष आहे.

गेल्या पावसाळ्यात बुटाचा तळ सुटायला लागला म्हणून चप्पल लाइनीत गेले आणि बरोबर फिन्सही नेल्या, उगाच, त्याला दाखवायला. त्यानं बूट बाजूला ठेवला आणि फिन उचलली. आत हात घातला, कड दाबून बघितली, टाचेशी स्प्रिंग ओढून सोडली. "टाच मोकळी ठेवलीया. बेस केलंय." मग दोन्ही फिन्स शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसला.

"वैनी, ह्यात डावा-उजवा कंचा?"

मी म्हटलं, यात तसं काही नसतं, दोन्ही सारख्याच.

त्याला ते अजिबात पटलं नाही. दोन पाय सारखे नसतात, मग जोडी सारखी कशी असेल? त्यानं वहीतली माझी आकृती काढली, मोज्याशिवायचा डावा पाय दोन्ही खिशांत घालायला लावला, बोटानं चाचपलं, आणि त्याला एक जरा सैल वाटली. मला काही फरक कळला नाही. त्यानं मात्र त्या फिनच्या पट्ट्याला चपलेला ओवायचा लाल दोरा दोन वेढे घालून बांधला. "ही डावी. बदलू नका." बुटाचे पैसे घेतले, दोऱ्याचे घेतले नाहीत.

नोव्हेंबरमध्ये मालवणला बोटीवर मी फिन्स चढवत होते. सिलिंडर बांधणारा पोरगा थांबला, माझ्या डाव्या पायाकडं बघून म्हणाला, "ताई, हो कसलो नवस?"